‘शाळेचं नाव’ हा रकाना आडवा आला तर

उन्हाळी शिबिराचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला की मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, रक्तगट इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ‘शाळेचं नाव’ येतं. त्याच्यापुढे लाल चांदणी असते आणि रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांना हे नवं नाही. कुठे चित्रकला स्पर्धेचे आयोजक फक्त शाळेमार्फत नावं घेतात, कुठे खासगी ऑलिम्पियाडची नोंदणी मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय होत नाही. प्रदर्शनाच्या तिकीट खिडकीवर विद्यार्थी सवलतीसाठी ओळखपत्र मागतात. क्लासवाले ‘बोनाफाईड आणा’ म्हणतात. पुस्तकांच्या दुकानात शिक्षकांना सूट असते, पण घरी बसून वर्षानुवर्षं तीच पुस्तकं शिकवणाऱ्या आईला ती मिळत नाही.

आमच्या घरातली दोन मुलं शाळेत जात नाहीत. पुण्या-मुंबईत अशी कुटुंबं आता एकमेकांना चांगली ओळखतात, आणि भेटलो की या नकारांचा विषय निघतोच. बहुतेक जण चिडतात, घरी येतात आणि सोडून देतात. काही जण व्हॉट्सॲपच्या गटावर रागाने लिहितात. दोन्हींमुळे तो रकाना जागचा हलत नाही. आपण पैसे देणारे ग्राहक आहोत, आणि ग्राहकाने आपलं म्हणणं मांडायच्या रीती आहेत. त्या नीट वापरल्या तर बऱ्याच ठिकाणी दार उघडतं, असा माझा अनुभव आहे. मागणी मात्र एकच आणि स्पष्ट ठेवायची: मुलाचं वय विचारा, शाळा विचारू नका.

ही मागणी अवास्तव नाही. रेल्वे आणि एसटी मुलांचं अर्धं तिकीट वयावर देतात. पाच ते बारा वर्षांचं मूल कोणत्या शाळेत आहे याच्याशी कंडक्टरला कर्तव्य नसतं. बुद्धिबळ किंवा बॅडमिंटन संघटनांच्या वयोगटांच्या स्पर्धांना जन्मदाखला लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक-प्रवेशिकेला बसणाऱ्या मुलाला राग येतो का, ताल कळतो का हे बघतात. वय आणि तयारी यांवर काम चालतं हे आपल्या आजूबाजूलाच सिद्ध झालेलं आहे.

आधी आपली बाजू तपासा

तक्रार करण्याआधी कायद्यात आपण कुठे उभे आहोत हे माहीत हवं, कारण काउंटरवरचा माणूस हमखास म्हणतो, ‘शाळेत न घालणं बेकायदा आहे ना?’ बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क त्याने दिला, आणि मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं कलम १० म्हणतं. पण हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला तेव्हा २०१२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की स्वेच्छेने घरी शिकवणारे पालक तसं करत राहू शकतात, हा कायदा त्यांच्या आड येत नाही. म्हणजे ‘तुम्ही गुन्हा करताय’ हे चूक. त्याच वेळी ‘कायद्याने आम्हाला हक्क दिलाय’ असं ठोकून सांगणंही चूक आहे. आपल्या बोलण्यात जेवढं खरं आहे तेवढंच सांगावं. त्याने आपली बाजू मजबूत राहते.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीची ठिकाणं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अटकाव करू देत नाही. शाळेत जाणं-न जाणं त्या यादीत नाही. खासगी व्यावसायिकाने ‘आम्ही फक्त शाळांच्या गटांनाच घेतो’ असं आधीच स्पष्ट सांगितलं असेल, तर केवळ तेवढ्यावरून न्यायालयात काही हाती लागेल अशी आशा धरू नका. अशा ठिकाणी उपयोगाला येतं ते मन वळवणं आणि ग्राहकांचा एकत्रित दबाव.

काही नकार तर योग्यच असतात. आंतरशालेय क्रीडा स्पर्धा शाळांच्या संघांसाठी असते. तिथे एकट्या मुलाने शिरण्याचा आग्रह धरू नये. शाळेच्या सहलीचा दर चाळीस मुलांच्या गटासाठी असतो, आणि आपण दोन मुलं घेऊन तो मागितला तर समोरच्याचं नाही म्हणणं रास्त आहे. जिथे शाळा ही त्या व्यवहाराची खरी गरज आहे ते सोडून द्या. जिथे ती केवळ सवयीने विचारली जाते तिथे बोला.

पहिला फोन, पहिलं पत्र

निम्म्याहून अधिक ठिकाणी कोणाला काही वगळायचं नसतं. फॉर्म कुणीतरी जुन्या फॉर्मवरून बनवलेला असतो. म्हणून सुरुवात भांडणाने करू नका. काउंटरवरच्या मुलीला नियम बदलण्याचा अधिकार नसतो. तिच्याशी वाद घालून तिचा दिवस खराब होतो, आपलंही काम होत नाही. व्यवस्थापक किंवा मालक कोण, त्यांचा ईमेल काय, एवढं तिच्याकडून घ्या आणि फोन करा.

फोनवर एकच प्रश्न विचारा: शाळेचं नाव तुम्हाला कशासाठी लागतं? उत्तर बहुधा या तीनपैकी एक येतं. वय पडताळायचं असतं, काही झालं तर जबाबदार कोण हे ठरवायचं असतं, किंवा बक्षीस समारंभात शाळेचं नाव जाहीर करायचं असतं. पहिल्यासाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट आहे. दुसऱ्यासाठी पालकाचं सही केलेलं संमतिपत्र शाळेच्या शिक्क्यापेक्षा जास्त उपयोगी, कारण पालक स्वतः तिथे हजर असतो. तिसऱ्यासाठी गावाचं किंवा पेठेचं नाव चालतं. कारण समजलं की तोडगा तिथेच सापडतो, आणि पुष्कळदा फोनवरच ‘बरं, तुम्ही जन्मदाखला पाठवा’ असं ऐकायला मिळतं.

फोनने भागलं नाही तर लिहा. पत्र लहान असावं. घरी शिकवण्याचं तत्त्वज्ञान त्यात घालू नये, शाळांवर टीका तर अजिबात नको. वाचणाऱ्याची मुलं शाळेत जात असतील आणि तो दुखावेल. साधारण असा मजकूर पुरतो:

‘आमची मुलगी, वय ११, घरी शिकते. आपल्या चित्रकला स्पर्धेच्या नियमावलीत ९ ते १२ असा वयोगट दिला आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र शाळेचं नाव सक्तीचं असल्याने नोंदणी पूर्ण होत नाही. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याची प्रत सोबत आहे. शाळेच्या नावाच्या जागी ‘घरी शिक्षण’ असा पर्याय द्यावा, ही विनंती. ते शक्य नसल्यास शाळेची अट कोणत्या कारणासाठी आहे ते कृपया लेखी कळवावं. नोंदणीची मुदत २० तारखेला संपत असल्याने त्याआधी उत्तराची अपेक्षा आहे.’

वयोगटाचा नियम जसाच्या तसा उद्धृत करणं, तारीख देणं आणि कारण लेखी मागणं या तीन गोष्टी सोडू नका. कारण लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ आयोजकांच्या लक्षात येतं की आपल्याकडे कारणच नाही. जाहिरात, नियमावली, अडलेला फॉर्म, पैसे भरल्याची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. संकेतस्थळावरचा मजकूर नंतर बदलतो.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट करा. तीच कंपनी दुसऱ्या देशात काय करते ते बघा. अमेरिकेत ॲपलच्या शैक्षणिक सवलतीत घरी शिकवणाऱ्या पालक-शिक्षकांचा स्पष्ट उल्लेख असतो. पिझ्झा हटने १९८४ मध्ये तिथल्या शाळांसाठी सुरू केलेल्या वाचनाच्या उपक्रमात, ज्यात ठरलेलं वाचन केलं की मुलाला छोटा पिझ्झा मिळतो, पुढे घरी शिकणाऱ्या मुलांनाही जागा झाली. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, आपल्याइतकी संदिग्धता तिथे नाही, हा फरक खरा. पण जी कंपनी तिथे हे सहज करते तिला ‘इथे का नाही?’ असं विचारण्यात काही गैर नाही.

आपल्याकडे काय आहे ते दाखवा

या सगळ्यात आपण एक गोष्ट विसरतो. आपली मुलं मंगळवारी सकाळी अकरा वाजता मोकळी असतात.

पोहण्याचा तलाव, बॅडमिंटनचं कोर्ट, ट्रॅम्पोलिन पार्क, विज्ञान कार्यशाळा, मातीकामाचा स्टुडिओ यांचा धंदा संध्याकाळी पाच ते आठ आणि शनिवार-रविवारी चालतो. बाकी वेळ जागेचं भाडं, वीज, प्रशिक्षकाचा पगार सगळं चालू आणि समोर कोणी नाही. त्या मालकाला आठ-दहा कुटुंबं एकत्र येऊन म्हणाली की दर मंगळवारी सकाळी पंधरा मुलं येतील, तीन महिन्यांचे पैसे आधी देतो, प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हजर असेल, तर तो शाळेचं नाव विचारणार नाही. तो वेळापत्रक विचारेल. परदेशात संग्रहालयं आणि करमणूक उद्यानं घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जे खास दिवस ठेवतात, ते याच हिशेबातून आले आहेत.

आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी एका कार्यशाळेला हे करून बघितलं. पहिला नकार स्पष्ट होता: ‘आम्ही फक्त शाळांसोबत काम करतो.’ मग त्यांनी विचारलं की शाळेचा गट कमीत कमी किती मुलांचा लागतो. वीस. एकवीस मुलांची नावं, वयं आणि पालकांचे फोन असलेली एक यादी तयार झाली, आणि तिच्यावर गटाचा दरही मिळाला. वयं सहा ते तेरा अशी मिसळलेली होती म्हणून प्रशिक्षक आधी बिचकले होते. ती शंका खरी होती, म्हणून पालकांनीच मुलांचे दोन गट करून दिले. व्यावसायिकाची खरी अडचण ऐकून घेणं हाही आपल्या बाजूचा भाग आहे.

एकत्र येण्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. ‘स्वशिक्षण’ ही देशभरातल्या अशा कुटुंबांची संघटना आहे, शिवाय शहरोशहरी पालकांचे गट आहेत. एकत्र खरेदी करणारा ग्राहक हा महाराष्ट्राला अनोळखी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि शेजारीपाजारी गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र घेऊ लागले. त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरोधात मुंबईच्या बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर घेऊन आल्या. आपला प्रश्न तेलसाखरेइतका मोठा नाही. पण सुटा ग्राहक आणि जोडलेला ग्राहक यांतला फरक तोच आहे.

तरीही नाहीच म्हटलं तर

मग जाहीरपणे बोला, पण जपून. दहा कुटुंबांच्या सह्यांचं पत्र मालकाला द्या आणि उत्तरासाठी पंधरा दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा उडवून लावलं, तर समाजमाध्यमांवर घडलेलं लिहा: कोणत्या तारखेला काय मागितलं, काय उत्तर आलं. ‘लुटारू’, ‘मुलांचे शत्रू’ असे शब्द नकोत. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे असे शब्द वाचून तटस्थ माणूस आपल्यापासून लांब जातो. जिथे पाऊलच ठेवलं नाही त्या जागेला एक तारा देऊन नावं ठेवू नका. कर्मचारी असभ्य, जागा घाण असं खोटं तर मुळीच लिहू नका. मुलांचे फोटो या भांडणात वापरू नका.

बहिष्कार घालायचा तर तो जाहीर करून घाला आणि कशाने संपेल तेही सांगा. ‘फॉर्ममध्ये पर्याय येईपर्यंत आमची कुटुंबं इथे नोंदणी करणार नाहीत’ हे वाक्य पुरेसं आहे. गुपचूप जाणं बंद केलं तर मालकाला कळतही नाही. आणि पर्याय आला की त्याच जोरात आभार माना, पहिल्याच महिन्यात जाऊन पैसे खर्च करा. बदल केल्याचा फायदा दिसला तरच शेजारचा व्यावसायिक तो करेल.

पैसे भरलेले असतील तर गोष्ट वेगळी आहे, आणि इथे कायदा आपल्या बाजूने बोलतो. फी घेतली, नंतर ‘शाळा नाही म्हणून प्रवेश रद्द’ म्हटलं आणि पैसे परत दिले नाहीत, किंवा जाहिरातीत ‘आठ ते बारा वर्षांच्या सर्व मुलांसाठी’ म्हणून दारातून परत पाठवलं, तर ही सेवेतली त्रुटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे, आणि मध्यस्थीतून बरीचशी परतफेड तिथेच होते. त्याने जमलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. एकाच कारणाने अनेक कुटुंबं अडली असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार दाखल करता येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाते, आणि पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे.

क्लासवाले कधीकधी ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत, ग्राहक कायदा आम्हाला लागू नाही’ असं सांगतात. त्याला घाबरू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्थांना त्या कायद्याबाहेर ठेवलं, पण कोचिंग क्लास शिक्षणसंस्थेत मोडत नाहीत असंही त्याच निकालात सांगितलं.

खोटं नाव लिहू नका

मैत्रिणीच्या मुलाच्या शाळेचं नाव टाकून फॉर्म पुढे ढकलायचा मोह होतो. काही जण तर कागदापुरता डमी प्रवेशच घेऊन ठेवतात. याला माझा ठाम विरोध आहे. पडताळणीत सापडलं तर मुलाचं बक्षीस जातं आणि चारचौघांत मान खाली घालावी लागते ती मुलाला. शिवाय आपण खोट्या नावाखाली लपलो तर आपण आहोत हे व्यावसायिकाला कधीच कळणार नाही, आणि तो रकाना तसाच राहील. ‘घरी शिक्षण’ असं स्पष्ट लिहा. फॉर्म तेही घेत नसेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि पत्राला जोडा.

मूल मोठं झालं की खऱ्या नोंदणीचे रस्ते आहेतच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत म्हणजे एनआयओएसमध्ये चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव घालता येतं, ओळखपत्र मिळतं, आणि विद्यार्थी सवलतीचे बरेच प्रश्न तिथे मिटतात. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कागद कधी लागेल याचा विचार वेळेत करा. माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवलेल्या, घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने प्रवेश दिला. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आयआयटीचा मार्ग मात्र तिला बंद होता.

मुलांसमोर नकार मिळाला तर तिथे आवाज चढवू नका. दहा वर्षांच्या मुलीला आपल्यामुळे भांडण झालं असं वाटतं. ‘यांच्या फॉर्ममध्ये आपल्यासाठी जागा राहून गेली आहे, आपण त्यांना सांगू’ एवढं पुरे. पत्र लिहिताना तिला शेजारी बसवा, शक्य असेल तर तिलाच कच्चा मसुदा करू द्या.

आता ज्यांची मुलं शाळेत जातात त्या वाचकांना एक विनंती. आपल्या शहरांत घरी शिकणारी कुटुंबं मूठभर आहेत. क्लासला, शिबिराला, स्पर्धेला पैसे देणारे बहुसंख्य ग्राहक तुम्ही आहात. पुढच्या वेळी असा फॉर्म भरताना खाली सूचनांच्या जागेत ‘शाळेचं नाव ऐच्छिक करावं’ एवढी एक ओळ लिहा. आणि तुम्ही स्वतः क्लास, शिबिर किंवा दुकान चालवत असाल, तर आजच आपला फॉर्म उघडून तो रकाना खरंच लागतो का ते बघा.